‘प्लाझ्माचे पाणी’: रंग बदलला म्हणजे सिद्ध झाले का?

दावा ऐकायला सोपा असतो. यंत्रातून पाण्यावर प्लाझ्मा सोडला, पाणी ‘ऊर्जित’ झाले. आता त्याने जंतू मरतात, जखम लवकर भरते, भाजीपाला टिकतो, बियाणे जोमाने उगवते. असा दावा समोर आला की आपल्यापैकी काही जण लगेच म्हणतात, ‘ही नवी भोंदूगिरी!’ आणि काही जण म्हणतात, ‘विज्ञानाने सांगितले आहे, मग खरेच असणार.’ दोघेही एकच चूक करतात. दोघेही तपासत नाहीत.

थंड प्लाझ्मा ही भोंदूगिरी नाही. जगभरातल्या विद्यापीठांत त्यावर गंभीर संशोधन चालू आहे. गांधीनगरजवळची इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च ही संस्था या विषयात काम करते. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमध्ये अन्नप्रक्रियेसाठी थंड प्लाझ्माचा अभ्यास झाला आहे. पण विज्ञान खरे आहे म्हणून त्याच्या नावाने विकली जाणारी प्रत्येक बाटली खरी ठरत नाही. मधला प्रश्न एकच आहे: त्या पाण्यात नेमके काय तयार झाले, किती झाले आणि हे कशावरून कळले?

हा प्रश्न फक्त रसायनशास्त्रज्ञांचा नाही. मधुमेहामुळे पायाला न भरणारी जखम झालेला माणूस आपल्या वस्तीत असतो. त्याचे घर आधीच औषधांच्या खर्चाने वाकलेले असते. त्याला कोणी महागडे ‘प्लाझ्मा उपचार’ सुचवले, तर त्यात नक्की काय आहे हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. तो प्रश्न त्याच्या वतीने नीट विचारता यावा म्हणून हा लेख.

हा कोणता प्लाझ्मा?

आधी एक गोंधळ दूर करू. कोरोनाच्या काळात आपण ‘प्लाझ्मा दान’ ऐकले. तो रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणारा द्रव. इथला प्लाझ्मा वेगळा आहे. वायूला पुरेशी वीज दिली की त्याच्या अणू-रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि वायू स्वतः वीज वाहू लागतो. पदार्थाच्या या अवस्थेला अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये प्लाझ्मा हे नाव दिले. आकाशातली वीज हा प्लाझ्मा. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटच्या नळीत चमकतो तोही प्लाझ्माच.

वीज पडली तर झाड जळते, पण ट्यूबलाइटला हात लावला तर हात भाजत नाही. फरक इथेच आहे. ट्यूबमधले इलेक्ट्रॉन हजारो अंश तापमानाइतक्या ऊर्जेने धावत असतात, पण बाकीचा वायू जवळपास थंडच राहतो. इलेक्ट्रॉन अतिशय हलका असतो. तो जड अणूवर आदळला तरी त्याला फारसा तापवू शकत नाही. गरम इलेक्ट्रॉन आणि थंड वायू या जोडीला थंड प्लाझ्मा म्हणतात. ट्यूबमध्ये दाब कमी ठेवलेला असतो. आज प्रयोगशाळांत उघड्या हवेतही, सामान्य दाबावर, हाताला सोसवेल असा प्लाझ्मा तयार करता येतो. काही यंत्रांत तो पेनासारख्या नळीतून बारीक निळसर-जांभळ्या ज्योतीसारखा बाहेर येतो.

ही कल्पनाही आजची नाही. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्ये हवेत विजेच्या ठिणग्या पाडून दाखवले की, हवेतला नायट्रोजन अल्कधर्मी द्रावणात उतरतो आणि त्यापासून सोरा मिळतो. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये विजेच्या अशाच सौम्य विसर्गातून ओझोन तयार करण्याची नळी बनवली. म्हणजे ‘हवा, वीज आणि द्रव’ यांचे हे रसायन दोनशे वर्षांहून जुने आहे. नवे आहे ते त्याचे वैद्यकातले आणि शेतीतले स्वप्न.

पाण्यात काय उतरते?

थंड प्लाझ्मा पाण्याजवळ आणला की त्यातले वेगवान इलेक्ट्रॉन पाण्याच्या वाफेचे रेणू फोडतात. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होते. रॅडिकल म्हणजे ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन एकटा, जोडीविना उरला आहे असा कण. तो समोर येईल त्याच्याशी रासायनिक क्रिया करायला टपलेला असतो. दोन हायड्रॉक्सिल रॅडिकल एकमेकांना भेटले की हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. मेडिकलच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळते तेच.

दुसरीकडे हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. ती पाण्यात विरघळली की नायट्राइट आणि नायट्रेट तयार होतात आणि पाणी आम्लधर्मी होते. हवेचा प्लाझ्मा साध्या पाण्यावर सोडला तर त्याचा सामू, म्हणजे पीएच, ४ च्याही खाली जाऊ शकतो. काही यंत्रांत ओझोनही बनतो.

ही सगळी रसायने एका आयुष्याची नसतात. हायड्रॉक्सिल रॅडिकल सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकेही क्वचितच टिकते. जिथे जन्मते तिथेच, पाण्याच्या वरच्या पातळ थरात, ते संपते. पेरॉक्साइड, नायट्राइट आणि नायट्रेट मात्र मिनिटे, तास, कधी दिवसही टिकतात. या दोन टोकांच्या मध्ये पेरॉक्सिनायट्राइटसारखी रसायने असतात. पाणी आम्लधर्मी असेल तर पेरॉक्साइड आणि नायट्राइट एकमेकांशी क्रिया करतात आणि त्यातून पेरॉक्सिनायट्रस ॲसिड बनते. ते बनते, काही क्षणांत फुटते आणि फुटताना पुन्हा रॅडिकल सोडते. प्रागच्या प्लाझ्मा भौतिकी संस्थेतील पेट्र लुकेश आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की, यंत्र बंद केल्यानंतरही पाण्यात ही क्रिया चालू राहते आणि जंतू मरण्याशी तिचा संबंध आहे.

यातून व्यवहारातली एक गोष्ट लगेच कळते. ‘आमच्या बाटलीत हायड्रॉक्सिल रॅडिकल भरलेले आहेत’ असे कोणी सांगितले तर ते अशक्य आहे. यंत्रात जन्मलेले रॅडिकल बाटलीचे झाकण लावेपर्यंतही टिकत नाही. बाटलीत टिकणारी रसायने दुसरी, आणि त्यांची नावे सांगता आली पाहिजेत.

साक्षीदार रसायने

ही रसायने डोळ्यांना दिसत नाहीत. प्लाझ्मा सोडलेले पाणी साध्या पाण्यासारखेच नितळ दिसते. म्हणून शास्त्रज्ञ पाण्यात दुसरे एखादे रसायन घालतात. ते ठराविक पदार्थ भेटला की रंग बदलते किंवा चमकते. रंग किती गडद झाला ते उपकरणाने मोजायचे आणि त्यावरून पदार्थ किती होता ते काढायचे. असे रसायन म्हणजे एक साक्षीदार. आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

सामाजिक पाहणी करणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक असते. घरोघरी जाऊन ‘शौचालय आहे का?’ असे विचारले. उत्तर आले, ‘हो’. तक्त्यात खूण केली. पण ते शौचालय वापरात आहे की त्यात सरपण ठेवले आहे? पाणी आहे का? स्वतःचे आहे की दहा घरांत एक? ‘हो’ हे उत्तर खरे असूनही आपण समजलो ते चुकीचे असू शकते. कधी तर प्रश्न विचारणारा कोण आहे हे पाहूनच उत्तर बदलते. प्लाझ्माच्या पाण्यातही हेच घडते. एकाच रंगाला अनेक कारणे असतात आणि साक्षीदार रसायन घातल्यानेच पाणी बदलते. आता एकेक साक्षीदार तपासू.

नायट्राइट: गुलाबी रंग

नायट्राइट शोधायची प्रसिद्ध पद्धत योहान पेटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंट गावातल्या बिअरच्या कारखान्यात नोकरी करत असताना त्यांनी १८७९ मध्ये ती मांडली. आज तिच्यात सल्फॅनिलमाइड आणि नॅफ्थलीन कुळातले आणखी एक रसायन आम्लात वापरतात. नायट्राइट असेल तर आधी एक संयुग तयार होते, मग ते दुसऱ्या रसायनाशी जोडले जाऊन गुलाबी-जांभळा रंग येतो. लघवीत जंतुसंसर्ग आहे का हे पाहण्यासाठी दवाखान्यात पट्टी बुडवतात. तिच्यावरचा नायट्राइटचा चौकोन याच क्रियेने गुलाबी होतो.

ही साक्ष बऱ्यापैकी भरवशाची आहे. पण दोन अटी आहेत. पहिली अट वेळेची. आम्लधर्मी पाण्यात नायट्राइट स्वतःहूनही कमी होते आणि पेरॉक्साइडशी क्रिया करूनही संपत जाते. यंत्र बंद केल्यावर लगेच मोजले तर एक आकडा, दुपारच्या जेवणानंतर मोजले तर दुसरा. दुसरी अट म्हणजे ही पद्धत नायट्रेट ओळखत नाही. नायट्रेट मोजायचे तर आधी त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करावे लागते किंवा आयन क्रोमॅटोग्राफी नावाच्या पद्धतीने दोन्ही वेगवेगळे करून मोजावे लागतात. ‘आम्ही नायट्रोजनची संयुगे मोजली’ एवढे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही.

पेरॉक्साइड: पिवळा रंग

हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी टायटॅनियमचे एक सल्फेट क्षार वापरतात. पेरॉक्साइड भेटले की द्रावण पिवळे होते. ते साधारण ४०७ नॅनोमीटरचा जांभळट प्रकाश शोषते. पद्धत स्वस्त आहे, सोपी आहे. पण तिच्यात एक खोच आहे. हे साक्षीदार रसायन तीव्र आम्लात ठेवलेले असते. ते नमुन्यात ओतले की पाणी एकदम आम्लधर्मी होते आणि त्यात नायट्राइट असेल तर ते पेरॉक्साइडला खाऊ लागते. म्हणजे मोजायला गेलो आणि मोजण्यानेच मोजायची वस्तू कमी झाली!

यावर उपाय आहे. आधी सोडियम अझाइड घालतात. ते आम्लात नायट्राइटला झटपट नष्ट करते आणि पेरॉक्साइड वाचते. अझाइड अत्यंत विषारी असते, त्यामुळे हे काम प्रयोगशाळेतच करायचे. दुसरी उलटतपासणी जीवशास्त्रातून येते. आपल्या पेशींत कॅटलेज नावाचे विकर असते. ते पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो तो यामुळेच. नमुन्यात आधी कॅटलेज घातले आणि मग पिवळा रंग आला नाही, तर आधी दिसलेला रंग पेरॉक्साइडचाच होता. कॅटलेज घालूनही रंग आला, तर साक्षीदार दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होता.

ओझोन: उडालेला निळा रंग

इथे गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. पाण्यातला ओझोन मोजण्यासाठी निळीच्या कुळातला एक रंग वापरतात. बाडर आणि होइग्ने यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. ओझोन निळ्या रंगाचा रेणू तोडतो आणि रंग उडतो. किती रंग उडाला त्यावरून किती ओझोन, असा हिशेब. ओझोनने शुद्ध केलेल्या पिण्याच्या पाण्यासाठी ही पद्धत उत्तम चालते. कारण त्या पाण्यात रंग उडवणारे दुसरे फारसे काही नसते.

प्लाझ्माच्या पाण्यात मात्र रंग उडवू शकणारे अनेक जण असतात. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लावा येथील कोमेनियस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हीच तपासणी केली. त्यांचा निष्कर्ष असा की, हवेच्या प्लाझ्माने प्रक्रिया केलेल्या पाण्यात नायट्राइटसाठी ग्रीस पद्धत वापरता येते, पण ओझोनसाठी निळीच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. तिथे रंग उडाला म्हणजे ओझोन होता असे म्हणता येत नाही.

हा धडा प्लाझ्माच्या बाहेरही उपयोगी आहे. एका ठिकाणी सिद्ध झालेली चाचणी दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी उचलता येत नाही. ती कोणत्या परिस्थितीत खरी ठरली, हेही पाहावे लागते.

क्षणभर जगणाऱ्यांना कसे पकडायचे?

हायड्रॉक्सिल रॅडिकल लाखांश सेकंदात संपते, मग ते मोजायचे कसे? त्यासाठी सापळा लावतात. पाण्यात आधीच असा रेणू घालून ठेवायचा की रॅडिकल जन्मताच त्याला चिकटेल आणि दोघे मिळून जास्त टिकणारे संयुग बनेल. मग ते संयुग मोजायचे. मोजण्याचे यंत्र एकट्या इलेक्ट्रॉनचे चुंबकीय गुण ओळखते. त्यामागचे तत्त्व येव्हगेनी झावोइस्की यांनी १९४४ मध्ये कझान शहरात शोधले. या कामात बराच वापरला जाणारा सापळा म्हणजे डीएमपीओ. त्यात हायड्रॉक्सिल अडकले की यंत्राच्या आलेखावर १:२:२:१ या प्रमाणात चार रेघा उमटतात. जणू बोटांचे ठसेच.

पण ठसेही फसवू शकतात. सुपरऑक्साइड नावाचे दुसरे रॅडिकल याच सापळ्यात अडकले तर त्याची खूण वेगळी असते, मात्र ते संयुग लवकर मोडते आणि त्यातले काही हायड्रॉक्सिलच्या खुणेत बदलते. शिवाय दुसऱ्या एखाद्या तीव्र रसायनाने सापळ्यावरच थेट हल्ला केला, तर हायड्रॉक्सिल नसतानाही त्याच चार रेघा उमटू शकतात. म्हणून उलटतपासणी करतात. पाण्यात डायमिथाइल सल्फॉक्साइड घालतात. खरोखर हायड्रॉक्सिल असेल तर ते आधी याच्याशी क्रिया करते, मिथाइल रॅडिकल बनते आणि आलेखावर वेगळ्या रेघा येतात. जुन्या रेघा गेल्या आणि नव्या आल्या, तर साक्ष पक्की झाली.

दुसरी पद्धत चमकण्याची. टेरेफ्थॅलिक ॲसिडला हायड्रॉक्सिल चिकटले की नवा पदार्थ बनतो. त्यावर अतिनील प्रकाश टाकला की तो निळसर चमकतो. पद्धत संवेदनशील आहे. पण हे आम्ल साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून पाणी अल्कधर्मी करावे लागते. म्हणजे आपण तपासतो ते पाणी मूळचे उरत नाही. शिवाय अडकलेल्या रॅडिकलपैकी साधारण एकतृतीयांशच चमकणारा पदार्थ बनवतात. बाकीचे हिशेबात धरले नाहीत तर आकडा चुकतो.

रॅडिकल आले कुठून?

अजून एक प्रश्न उरतो. पाण्यात सापडलेले हायड्रॉक्सिल पाण्यातच जन्मले की वायूत जन्मून पाण्यात उतरले? इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये याची सुंदर उकल केली. त्यांनी पाण्याला खूण केली. नेहमीच्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनऐवजी त्यांचे जड समस्थानिक असलेले पाणी एका बाजूला ठेवले आणि साधे पाणी दुसऱ्या बाजूला: एकदा द्रवात, एकदा वायूतल्या वाफेत. मग सापळ्यात कोणत्या खुणेचे रॅडिकल येतात ते पाहिले. उत्तर मिळाले की, त्यांच्या यंत्रात ही रसायने मुख्यतः वायूतल्या वाफेपासून बनत होती, द्रवापासून नाही. म्हणजे वायूत किती ओलावा आहे याला मोठे महत्त्व आहे. पावसाळ्यात चालवलेले यंत्र आणि उन्हाळ्यात चालवलेले यंत्र एकच परिणाम देईल असे गृहीत धरता येत नाही.

द्रवही साधा नसतो

आतापर्यंत आपण ‘पाणी’ म्हटले. पण उपचारात शुद्ध पाणी नसते. जखमेत रक्तद्रव, प्रथिने आणि क्षार असतात. प्रयोगशाळेत पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्यात साखर, अमिनो ॲसिड आणि कधी पायरुवेट असते. पायरुवेट हायड्रोजन पेरॉक्साइडला संपवते. त्यामुळे तोच प्लाझ्मा, तेवढाच वेळ, पण एका पोषक द्रवात पेशी मरतात आणि दुसऱ्यात जगतात, असे होऊ शकते. मिठाच्या पाण्यात काही यंत्रे क्लोराइडपासून हायपोक्लोराइट बनवतात. ब्लीचमध्ये असते तेच. मग परिणाम प्लाझ्माचा की ब्लीचचा, हे वेगळे काढावे लागते.

जपानमधल्या नागोया विद्यापीठातील गटाने २०११ मध्ये प्लाझ्मा सोडलेल्या पोषक द्रवाने मेंदूच्या कर्करोगाच्या पेशी मरतात असे दाखवले आणि त्यानंतर जगभर अशा द्रवांचा अभ्यास वाढला. पण बशीतल्या पेशी मरणे आणि माणूस बरा होणे यात मोठे अंतर असते. ते अंतर जाहिरातीत एका ओळीत ओलांडले जाते.

स्वस्त जुळे आणि महाग यंत्र

एवढी खटपट कशासाठी, असे वाटू शकते. कारण या सगळ्या मोजमापांतून सर्वांत महत्त्वाची एक चाचणी शक्य होते. प्लाझ्माच्या पाण्यात पेरॉक्साइड किती, नायट्राइट किती, नायट्रेट किती आणि सामू किती हे नेमके मोजायचे. मग बाजारातली साधी रसायने घेऊन अगदी तेवढ्याच प्रमाणाचे दुसरे पाणी बनवायचे, म्हणजे त्याचे जुळे भावंड. दोन्ही पाणी जंतूंवर टाकून पाहायचे. दोघांचा परिणाम सारखाच आला, तर यंत्राची जादू काही नाही. काम त्या चार साध्या गोष्टींचे आहे. प्लाझ्माचे पाणी जास्त प्रभावी ठरले, तर त्यात आणखी काहीतरी आहे आणि ते शोधायला हवे.

गरीब रुग्णाच्या दृष्टीने मुद्दा इथे आहे. लाखोंचे यंत्र जे काम करते तेच काही रुपयांच्या रसायनांनी होत असेल, तर त्याचे पैसे कशाला घ्यायचे? आणि यंत्राने खरोखर वेगळे काही होत असेल, तर ते सरकारी दवाखान्यातही यावे अशी मागणी करता आली पाहिजे. दोन्ही मागण्यांसाठी आधी मोजमाप हवे. मोजमाप नसेल तर किंमत विक्रेता ठरवतो.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ३ टक्के पेरॉक्साइडमध्ये लिटरला साधारण ३० ग्रॅम पेरॉक्साइड असते. प्लाझ्माच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिमोल असेल तर वजन होते सुमारे ३४ मिलिग्रॅम. म्हणजे जवळपास ९०० पट कमी. त्यामुळे ‘पेरॉक्साइड असल्याने जंतू मरतात’ एवढेच स्पष्टीकरण लंगडे पडते आणि आम्लता, नायट्राइट व पेरॉक्सिनायट्राइट यांच्या एकत्रित परिणामाचा विचार करावा लागतो.

जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड येथे विकसित झालेल्या किनपेन मेड या यंत्राला २०१३ मध्ये युरोपात वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. ते बाटलीतले पाणी देत नाही. त्यातून प्लाझ्मा थेट जखमेवर सोडतात. २०२० मध्ये जर्मनीत मधुमेही पायाच्या जखमांवर या यंत्राची चाचणी प्रसिद्ध झाली. चाळीसेक रुग्णांच्या या अभ्यासात काहींना खरा प्लाझ्मा आणि काहींना दिखाऊ उपचार दिला. प्लाझ्मा मिळालेल्यांच्या जखमा अधिक वेगाने लहान झाल्या. पण जंतूंचे प्रमाण आणि संसर्ग यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे परिणाम दिसतो, पण ‘जंतू मेले म्हणून जखम भरली’ ही सोपी गोष्ट त्याला पुरत नाही. जखमेतल्या द्रवात कोणती रसायने किती तयार होतात हे मोजण्याची गरज इथून सुरू होते.

प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून युरोपातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये सर्वांसाठी एकसारखे एक संदर्भ यंत्र मांडले. कारण प्रत्येकाचे यंत्र वेगळे, वायू वेगळा आणि अंतर वेगळे असेल, तर ‘दोन मिनिटे प्लाझ्मा दिला’ या वाक्याला अर्थ राहत नाही. औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेले असते. प्लाझ्माचा डोस मिनिटांत सांगता येत नाही, तो रसायनांत सांगावा लागतो.

पिण्याबद्दल सावध

काही ठिकाणी असे पाणी ‘आरोग्यवर्धक’ म्हणून प्यायला सुचवले जाऊ शकते. इथे स्पष्ट बोलले पाहिजे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नायट्राइटसाठी लिटरला ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. लिटरला एक मिलिमोल नायट्रेट म्हणजे ६२ मिलिग्रॅम. प्लाझ्माने चांगले ‘सक्रिय’ केलेले पाणी ही मर्यादा सहज ओलांडू शकते. जास्त नायट्रेट-नायट्राइटमुळे तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडते. जे रसायन जंतूला मारते ते शरीरात गेल्यावर आपोआप सौम्य होत नाही.

कार्यकर्त्यांसाठी पाच प्रश्न

वस्तीत, शिबिरात किंवा प्रदर्शनात असा दावा समोर आला, तर भांडण न करता शांतपणे हे प्रश्न विचारावेत.

१. पाण्यात कोणती रसायने तयार झाली? ‘ऊर्जा’, ‘आयन’ किंवा ‘सक्रिय ऑक्सिजन’ हे उत्तर नाही. नाव सांगा.

२. किती? कोणत्या एककात? आणि यंत्र बंद केल्यावर किती वेळाने मोजले?

३. कोणत्या चाचणीने मोजले आणि त्या चाचणीत दुसऱ्या रसायनाने तोच रंग येऊ शकतो का? ते कसे वगळले?

४. तेवढ्याच प्रमाणाच्या साध्या रसायनांच्या पाण्याशी तुलना केली का?

५. बशीतल्या पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर तपासले? माणसांवर असेल तर दिखाऊ उपचाराशी तुलना होती का?

खरा संशोधक या प्रश्नांनी रागावत नाही. तो खूश होतो, कारण हेच प्रश्न तो स्वतःला विचारत असतो. ज्याला राग येतो, त्याने उत्तर दिलेलेच असते. आणि एक गोष्ट ठामपणे: पायाला जखम असलेल्या मधुमेही माणसाला कोणत्याही नव्या पाण्याच्या भरवशावर ठेवू नये. साखर तपासणे, जखम स्वच्छ करून घेणे, पायावरचा भार कमी करणे आणि डॉक्टरांकडे वेळेत जाणे याला पर्याय नाही. उशिरामुळे बोट जाते, कधी पाय जातो.

आपण शिकलेले तरुण आहोत, म्हणजे प्रत्येकाने रसायनशास्त्रज्ञ व्हावे असे नाही. पण पुरावा कसा तयार होतो हे समजून घेणे आपल्या हातात आहे. गुलाबी रंग आला, पिवळा आला, निळा उडाला, चार रेघा उमटल्या, ही सगळी सुरुवात असते. तो रंग दुसऱ्या कशाने आला नाही हे दाखवल्यावरच त्याचा पुरावा होतो. प्लाझ्माच्या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी स्वतःच्या आवडत्या चाचण्यांवर शंका घेतली, त्या तपासल्या आणि जी टिकली नाही ती नाकारली. यंत्र विकत घेण्याआधी तीच शंका आपणही घेतली, तर कोणा एका घराचे पैसे वाचतील आणि कोणाचा पायही वाचेल.